उतरलेलं पाणी

१

तेल्हाऱ्याकडची माणसं परक्या गावी पाण्याचा पहिला घोट कधी सरळ गिळत नाहीत. तो जिभेवर धरतात, टाळूला लावतात, आणि मग ठरवतात, प्यायचं की थुंकायचं. जिथं खणावं तिथं खारं लागतं अशा पट्ट्यात जन्म गेला की ही सवय दुधाच्या दातांबरोबरच येते. भावना सिरसाट तर याच सवयीवर पोट भरत होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती अकोल्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. यंत्रानं आकडा दाखवायच्या आधी तो तिची जीभ सांगायची.

म्हणून अकोल्याहून निघताना गाडीत बॅगांच्या आधी गोड्या पाण्याच्या दोन कॅन चढल्या. गाडी प्रीतम इंगळेच्या वडिलांची. प्रीतम तिचा कॉलेजातला मित्र, आणि त्याचे वडील धर्मपालकाका फाटकात उभे राहून गाडीच्या इंजिनापेक्षा जास्त आवाज करत होते.

"घाटात न्यूट्रल करू नको. अन् पाण्यात उतरू नका, समुद्र ओढून घेते मानसाले. अन् संध्याकाळच्या..."

"काका, तुमी समुद्र पाह्यला का कदी?" भावनानं विचारलं.

"नाई."

"मंग?"

प्रीतमनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं.

तेवढ्यात गजाला आली, आईला, हलीमाबींना, घेऊन. गाडीत आता तिघं झाली. चौथ्या सीटचा विषय कोणी काढला नाही.

सहलीचा सगळा रस्ता लुबनानं आखलेला होता. लुबना म्हणजे गजालाची धाकटी बहीण, भावनाची पहिलीपासूनची एका बाकावरची मैत्रीण. तिच्या डायलिसिससाठी तेल्हाऱ्याचं घर बंद करून ते कुटुंब अकोल्यात भाड्यानं राहायला आलं होतं. मशीन लावलेल्या खाटेवर पडल्या पडल्या, मोबाइलवर चित्रं बघून तिनं ठरवलं होतं, कोकणात कुठून उतरायचं, कुठल्या टेकाडावर थांबायचं. मागच्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले होते, वाटेतल्या शहरात सोय करून, जपून नेता येईल. घरचे नाही म्हणाले.

"रस्त्यात काई झालं तं?" वडील, अब्दुल गफ्फार, एवढंच म्हणत राहिले.

"घरात काय होऊन राहिलं, चाचा? घरात बरी होऊन राहिली का ती?" असं म्हणून भावना समोरचा चहा तसाच ठेवून उठून आली होती. पावसाळ्यात लुबना गेली. समुद्र न बघता गेली. त्या नकाराची आग भावनाच्या पोटात अजून धगधगत होती, आणि ती विझावी असं तिला वाटतही नव्हतं.

हलीमाबींनी गाडीच्या खिडकीतून हात आत घातला आणि भावनाचं मनगट धरलं. "बेटा, एक तं मातीत ठेवली. हिले वापस आण."

म्हाताऱ्यांना भीतीशिवाय दुसरं देता येत नाही का, असं भावनाच्या जिभेवर आलं होतं. पण त्या हातानं तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"आणतो, खाला," ती म्हणाली. "माह्या भरोशावर सोडा."

२

समुद्र पहिल्यांदा दिसला तो गुहागरच्या खाली, एका वळणावर.

प्रीतमनं न सांगता ब्रेक दाबला. खाली काळे कातळ, कातळांवर पांढरा फेस फुटतोय, आणि काचा बंद असतानाही आत येणारा तो आवाज, एखाद्या अवजड गाडीनं न संपणारा पूल ओलांडावा तसा. तिघांनाही एकाच माणसाची आठवण आली होती.

"चाला ना व," गजाला म्हणाली आणि दार उघडून पळालीच.

जांभ्या दगडाच्या पायऱ्या झाडीतून खाली जात होत्या. पायऱ्या मोठ्या, उतार तीव्र, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या. शेवटच्या पायरीवर भावना पोचली, झाडी संपली, आणि तिच्या लक्षात आलं की आवाज थांबलाय.

पुढं नुसती वाळू होती. ओली, सपाट, चकचकीत वाळू, आणि तिच्या पार टोकाला पाण्याची एक राखाडी रेघ. हलत नसलेली.

"चूप हाय बाप्पा," प्रीतम म्हणाला. "काटेपूर्णाचं धरन बरं याच्यापक्षा."

"पिक्चरमंदी तं लय गरजते," गजाला म्हणाली.

"वर वारा आपल्याकडं होता. इथं टेकडी आड आली," भावनानं सांगितलं. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडायचं, आणि सापडलं की ती निर्धास्त व्हायची. "अन् ओहोटी हाय ही. पाणी उतरलं."

पाणी उतरणं वऱ्हाडच्या माणसाला ठाऊक असतं ते पुराचं. पूर्णेचा पूर एकदा उतरला की उतरला. गाळ वाळतो, त्याला भेगा पडतात, माणसं पायताणं हातात घेऊन आपापल्या शेतात परततात. गेलेलं पाणी त्याच दिवशी मागं वळतं, हे भूगोलात पाठ केलेलं असतं, पण पायांना ते कळत नाही. तिघं खुशाल वाळूत दूरवर चालत गेली. फोटो काढले. प्रीतमनं गजालाची ओढणी डोक्याला गुंडाळून नाच केला, आणि ती किती दिवसांनी हसली.

परत फिरताना गजाला एकदा थांबली.

"कोनी बसलं हाय तिकडं."

रेघेच्या जवळ एक कातळ होता. त्यावर काहीतरी होतं खरं. माणूस असेल तर त्याची पाठ यांच्याकडं होती.

"कोळी असन," भावना म्हणाली.

३

दुसऱ्या दिवशी तवसाळच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत चढली आणि खाडी ओलांडून पलीकडं उतरली. तिथून रस्ता कड्याच्या काठानं. एका बाजूला लाल माती, काजूची झाडं. दुसऱ्या बाजूला काही नाही, खाली पाणी. दुपारी त्यांना एक पुळण दिसली. वरून बघताना लाटा तिच्यावर एकामागून एक चढत होत्या. प्रीतम म्हणाला, "आवाज ऐक, छातीत वाजून राहिला." खाली जायला गाडीवाट होती.

दोन वळणं उतरून गाडी वाळूला लागली, तेव्हा पाणी पुन्हा दूर गेलेलं होतं. आवाज पुन्हा बंद.

"हा समुद्र आपल्याले पाह्यला की पळते काय बे?" प्रीतम हसला आणि त्यानं गाडी सरळ वाळूत घातली.

"अरे, पाणी आलं तं?" गजालानं विचारलं.

"उतरलं ना आता. पूर्णेचा पूर येते का त्याच दिवशी वापस?"

ही बोलणी विनोदानं चाललेली. पण खरं सांगायचं तर तिघांचाही त्यावर विश्वास होता. गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर, कोरड्या ठणठणीत वाळूत उभी होती. तिघं तिथंच, तिच्या सावलीत बसून शेव-चिवडा खात होती.

जवळच्या कातळात एक खळगा होता, पाण्यानं भरलेला. भावनानं सवयीनं त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

समुद्राचं पाणी कडू लागतं, घसा जळतो, हे तिला माहीत होतं. मिठाचं प्रमाण तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. हे पाणी तसं नव्हतं. हे खारं होतं, पण ओळखीचं खारं. वर चुन्याची साय, मागून मातीचा बोथट वास. तिनं पुन्हा बोट बुडवलं. तेल्हाऱ्यात लुबनाच्या घरामागं जी विहीर होती, जिचं पाणी दोघी शाळेतून आल्यावर दोरीनं शेंदून ओंजळीनं प्यायच्या, आणि हलीमाबी आतून ओरडायच्या, 'खारं पानी पेऊ नका गं पोट्ट्यांनो', ते पाणी होतं.

खाडी जवळ आहे, तिनं स्वतःला सांगितलं. गोडं पाणी मिसळत असेल. मिसळलं की चव बदलते. यात काय एवढं?

"भावना," गजाला हळूच म्हणाली. "तिथं पाह्य."

या पुळणीवरही पाण्याजवळ एक कातळ होता. कालच्यापेक्षा जवळ. त्यावर कोणीतरी बसलेलं होतं, आज एका अंगावर वळून. उन्हामुळं तोंड दिसत नव्हतं. डावा हात मांडीवर आडवा ठेवलेला, आणि त्यावर उजव्या हाताचा तळवा झाकल्यासारखा. झोपलेल्या तान्ह्या पोराला धरावं तसा तो हात धरलेला.

डायलिसिसच्या माणसाला सुया टोचायचा हात तसा जपावा लागतो. त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. गजाला आणि भावना, दोघींनीही तसा धरलेला हात वर्षानुवर्षं पाहिला होता.

"मासे धरून राहिली असन कोनी," भावना म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा आला.

"पाण्याकडं न पाह्यता?"

प्रीतमला काही दिसलं नाही. त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणे. तो गाडीत बसला आणि ओरडला, "अबे, हे काय झालं?"

गाडीत पायाखालची चटई ओली होती. नुसती ओली नाही. पाय ठेवला की पाणी घोट्याला लागत होतं. दारं बंद होती, काचा बंद होत्या.

"कॅन सांडली असन," तो म्हणाला.

भावनानं मागं जाऊन पाहिलं. दोन्ही कॅन काठोकाठ भरलेल्या होत्या, झाकणं घट्ट. तिनं ते कोणाला सांगितलं नाही.

४

मुक्काम रत्नागिरीच्या अलीकडं एका छोट्या गावात होता. सत्यभामाकाकू नावाची एक विधवा बाई घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. घर पुळणीपासून हाकेच्या अंतरावर, मध्ये फक्त माडांची बाग.

दिवेलागणीला ताटं मांडली. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, सोलकढी. प्रीतमनं कालवणात भाकरी चुरायला सुरुवात केली तेव्हा काकू दारात उभ्या राहून कौतुकानं बघत राहिल्या.

"तुमच्याकडे मासे नसतात, नाही?"

"आमच्याकडं पानीच नसते, काकू," प्रीतम म्हणाला.

काकू हसल्या. मग खिडकीकडे बघून म्हणाल्या, "आज झोप यायची नाही तुम्हाला. केवढा खवळलाय. परवापासून ऐकतेय, असा आवाज पावसाळ्याशिवाय येत नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

खोलीत पंख्याची कुरकुर होती. बाहेर एक कुत्रं अंग खाजवत होतं, त्याचा पाय जमिनीवर आपटत होता. त्यापलीकडे काही नव्हतं. काहीच नाही. पण मांडणीवरची स्टीलची भांडी बारीक थरथरत होती. भावनाच्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती, मधून काठाकडे, एकामागून एक, ठरावीक अंतरानं. कुठंतरी काहीतरी प्रचंड आपटत होतं, आणि त्याचा आवाज त्या घरात फक्त एका म्हातारीला येत होता.

"काकू, आज दुपारी आमी एका पुळणीवर थांबलो होतो," भावना म्हणाली. "पानी लय दूर होतं. मैलभर."

"दुपारी? किती वाजता?"

"बारा-साडेबारा असतील."

वाढणाऱ्या काकूंच्या हातातला डाव कालवणातच राहिला. "नाही हो. अवस जवळ आली. अवसेला भरदुपारी भरती असते. दुपारी पाणी माडांच्या मुळाशी असतं. उद्या तर मोठी भरती. उद्या दुपारी खाली जाऊ नका, सांगून ठेवते."

"पण आमी चाललो ना त्या वाळूतून, काकू. गाडी उभी केली."

काकूंनी डाव बाहेर काढला, तो पदराला पुसला, आणि कालवण पदराला लागलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

भावनानं मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा काढून पाहिल्या. काकू बरोबर होत्या. तिनं मग ठरवलं की त्या वेळा मोठ्या बंदराच्या असाव्यात, इथल्या नसाव्यात. म्हाताऱ्या माणसांना जगभर सगळीकडं बुडणारीच पोरं दिसतात. तिनं दिवा मालवला. शेजारी गजाला भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"भावना."

"काय व?"

"तिचा हात दुखत असन का गं अजून?"

भावनानं झोपेचं सोंग घेतलं. पेल्यातलं पाणी कितीतरी वेळ थरथरत होतं.

५

सकाळ नेहमीसारखी झाली. पोहे झाले, चहा झाला. प्रीतम ओल्या चटया उन्हात टाकून गाडी धुवायला लागला. ऊन चढलं. भावना न्हाणीघरातून केस पुसत बाहेर आली तर खोलीत गजाला नव्हती. तिची ओढणीही नव्हती. चपला होत्या, बागेच्या वाटेच्या तोंडाशी, एकीशेजारी एक, मशिदीच्या पायरीवर काढून ठेवाव्यात तशा नीट.

भावना अनवाणी पळाली.

माडांच्या शेवटच्या रांगेशी ती थबकली. समोर समुद्र नव्हता.

काल, परवा, निदान एक रेघ तरी होती. आज तीही नव्हती. वाळू संपत होती तिथून पुढं तळ उघडा पडला होता, क्षितिजापर्यंत. खूप लांब, हातभर दिसणारी गजाला चालत होती.

आणि भावनाला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. पाणी उतरलंय, तिच्या मनानं सांगितलं. बुडायला पाणी तर पाहिजे. मागून प्रीतमची हाक आल्यासारखी वाटली. ती थांबली नाही. भावनाला चालताना मागं बघायची सवयच नव्हती.

वाळू संपली. पायांना आता चिखल लागायला हवा होता, शिंपले, गोटे. तसं काही नव्हतं. पायांखाली काळी माती होती. चैत्रात तेल्हाऱ्याची शेतं तापून फाटतात, भेगांत हात कोपरापर्यंत जातो, तशी फाटलेली. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा वास येत होता. ती थांबून खाली बघू लागली. हे चुकतंय, तिच्या डोक्यातली ती हुशार मुलगी म्हणाली. काळी माती इथं असूच शकत नाही. मग कारण सापडेना, म्हणून ती तशीच पुढं गेली.

थंडी आधी पायांना लागली. मग पोटऱ्यांना, मग कमरेला. ऊन डोक्यावर होतं, सलवार कोरडी होती, आणि कमरेपर्यंत अंग गारठून जड झालं होतं. पाऊल पुढं टाकायला जोर लागत होता. वाऱ्याचा मागमूस नव्हता. तरी तिचे मोकळे केस हळूच वर उचलले गेले आणि तिच्या चेहऱ्यासमोर पसरले, सावकाश, जसे हवेत पसरत नाहीत.

पुढं गजालाची ओढणी तिच्या खांद्यावरून सुटून वर उठली होती. ती पडत नव्हती. गजालाच्या डोक्याच्या वर, उभी, डोलत होती.

भरदुपार होती. भरदुपारी इथं काय असतं, ते काकूंनी सांगितलं होतं.

भावनाला आत्ता कळलं, की पाणी कुठंही गेलेलं नाही.

६

कातळ मधोमध होता. गजाला त्याच्याशी गुडघे टेकून बसली होती, डोकं कोणाच्या तरी मांडीवर.

भावनानं वर पाहिलं नाही. ती आयुष्यभर सांगत राहील की ऊन डोळ्यांवर होतं. तिला दिसलं ते एवढंच. निळ्या सलवारीचा काठ, एक पाय दुसऱ्या पायावर चढवलेला, आणि मांडीवर आडवा ठेवलेला डावा हात. कोपराच्या आत फुगलेली शीर, दोरीसारखी, सुयांच्या डागांनी भरलेली.

"गजाला, ऊठ."

"थकली हाय ती, भावना. एवढ्या दूर चालत आली."

"ऊठ म्हणतो ना मी."

तिनं गजालाचं मनगट धरलं. दुसरा हात रिकामा होता. तो आपोआप पुढं गेला. दोन हात आहेत, तिच्या मनात आलं. एकीला इकडून धरीन, एकीला तिकडून. कोण अडवतंय? इथं ना चाचा, ना खाला, ना डॉक्टर. तिनं तो डावा हात धरला.

लुबनाच्या हातात भुंगा होता. ती तसंच म्हणायची. त्या फुगलेल्या शिरेवर बोट ठेवलं की आत रक्त घूं घूं करत फिरायचं, बोटाच्या टोकाला ते सतत कळायचं. डायलिसिसच्या रांगेत कंटाळा आला की ती भावनाचं बोट धरून तिथं ठेवायची आणि म्हणायची, "पाह्य, चालू हाय अजून."

भावनानं बोट ठेवलं. तिथं काही फिरत नव्हतं.

"मले बी नेता का?" जवळून, अगदी जवळून विचारलं गेलं. त्या आवाजात तक्रार नव्हती. गाडीत जागा आहे का, असं विचारावं, तेवढंच. "चालते येते मले. हळूहळू."

भावनाला किंचाळायचं होतं, मिठी मारायची होती, पळायचं होतं. गजाला तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि भावनाला स्पष्ट कळलं की आता खरं बोललं तर ही उठणार नाही. आणि दोघींना ओढत नेलं तर किनाऱ्यावर कोणीच पोचणार नाही.

"तू बस जरा इथं," ती म्हणाली. "एवढी चालू नको. आमी गाडी घेऊन येतो."

तिचा तो स्वर तिनं आधी कधी वापरलेला नव्हता. मऊ, घाईचा, डोळे चुकवणारा. त्या घरात लुबनाशी सगळे त्याच स्वरात बोलत आले होते. पुढच्या महिन्यात मशीन सुटन बेटा. ईदनंतर जाऊ. उन्हाळा होऊ दे. तो स्वर ऐकला की भावनाचं माथं फिरायचं. आता तो तिच्याच तोंडातून निघाला, आणि किती सोपा निघाला.

"हाव," उत्तर आलं. "बसतो मी."

तो हात तिच्या बोटांतून निसटला आणि पुन्हा मांडीवर गेला. उजवा तळवा त्यावर आला.

भावनानं गजालाला ओढलं. ती उठली, कारण तिलाही ते खरं वाटलं. दोघी किनाऱ्याकडे वळल्या. चालत राहिल्या. मागं कोणी हाक मारली नाही, कोणी रडलं नाही. मारली असती तर सोपं झालं असतं.

७

आवाज परत आला तो कानफटात बसावी तसा. भावनाच्या नाकातोंडात पाणी होतं, कडू, जाळणारं, खरं समुद्राचं पाणी. कोणीतरी तिचे केस धरून ओढत होतं. तिची बोटं गजालाच्या मनगटात रुतली होती. ती सोडवायला प्रीतमला आणि सत्यभामाकाकूंना दोघांना मिळून जोर लावावा लागला.

माडांच्या मुळाशी दोघी पालथ्या पडून ओकत होत्या. लाटा पायांपर्यंत येत होत्या. काकू कोणाला तरी शिव्या देत होत्या, देवाला किंवा यांना.

"आवाज देऊन देऊन घसा फाटला माहा!" प्रीतम रडत होता, मोठा बाप्या माणूस, भोकाड पसरून. "पागल झाल्या काय तुमी? लाटा एवढ्या, अन् दोघी सरळ आत! गजाला पुढं, तू मागं. गळ्याएवढ्या पाण्यात चालून राहिल्या जशा बाजारात चालल्या! डुबल्या तुमी. मी दोनदा पाह्यलं, डुबल्या!"

"पाणी नव्हतं," भावना म्हणाली.

प्रीतम रडायचा थांबला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिनं समुद्राकडे पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता, फेसाळ, आंधळा. त्यात कातळ कुठंच नव्हता. भरतीत बुडाला असणार.

तो आता कुठंतरी पाण्याखाली होता, आणि त्याच्यावर कोणीतरी नीट, सांगितल्याप्रमाणे, बसलेलं होतं.

८

त्याच दुपारी ते परत निघाले. पुढची ठिकाणं राहिली, ती राहिलीच.

गाडी घाट चढत होती. गजाला मागच्या सीटवर, काकूंच्या जुन्या पातळात गुंडाळलेली. मोबाइल वाजला. हलीमाबींचा होता. गजालानं हात पुढं केला नाही, म्हणून भावनानं घेतला.

"बेटा, सगळं खैरियत? रात्रीपासून जीव लागून नाई राहिला माहा."

"हाव, खाला. निघालो आमी. घेऊन येऊन राहिलो तिले."

पलीकडं एक लांब श्वास सुटला. मग रडण्याचा आवाज, दाबलेला, पदरातला. "अल्ला तुह्यं भलं करो. तुह्यावर भरोसा होता म्हनून सोडली, बेटा. तुह्यावरच होता."

फोन बंद झाला. प्रीतमनं काच थोडी खाली केली. वळणामागून वळणं जात होती. समुद्र दिसेनासा झाला होता.

"भावना," गजाला म्हणाली.

"काय व?"

"तू तिले सांगितलं, गाडी घेऊन येतो."

भावनानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"अम्मी-अब्बा खोटं बोलत, थे तिले समजे. मशीन सुटन म्हनत, अन् ती हाव म्हने, अन् ते खोलीतून गेले की हसे माह्याकडं पाहून. त्याइच्या मनासाठी हाव म्हने ती." गजाला खिडकीबाहेर बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच भावनाला सोसेना. "तुह्यं तसं नव्हतं. भावना तोंडावर बोलते म्हने. भावना बोलली म्हनजे होते, म्हने. थांबून राहीन ती."

प्रीतमला यातलं काहीच समजलं नाही. त्यानं आरशात एकदा गजालाकडे पाहिलं, एकदा भावनाकडे.

"गाडी थांबव," भावना म्हणाली.

त्यानं कडेला घेतली. इंजिन चालू होतं. खाली दरीत ऊन मावळतीला कललं होतं, एक लाल एस.टी. वळणावर भोंगा वाजवत उतरत होती, समुद्राकडे. भावनानं दाराच्या कडीला हात लावला. तो हात बराच वेळ तिथं राहिला. मागच्या सीटवर गजालाचा श्वास ऐकू येत होता, गरम, जिवंत, सर्दी भरलेला.

"काय झालं? उतरतं का?" प्रीतमनं विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "चाल."